हनुवटीवरचे केस हा दवाखान्याचा प्रश्न आहे

ग्रामीण विदर्भात एखाद्या मुलीच्या ओठांवर, हनुवटीवर जाड काळे केस यायला लागले की पुढचं सगळं ठरलेलं असतं. आधी घरचं हळद-बेसन, मग तालुक्याच्या गावचं पार्लर, मग मेडिकलमधून आणलेली ट्यूब. डॉक्टरचा नंबर लागतो सगळ्यात शेवटी, आणि तोही केसांसाठी नाही. लग्नाला तीन-चार वर्षं झाली, मूल होत नाही, म्हणून. हा क्रम बदलायला हवा आणि तो बदलायला नवं हॉस्पिटल, नवी योजना, नवा निधी यांची वाट पाहायची गरज नाही, असं माझं मत आहे. लागणारी बहुतेक औषधं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात आहेत, लागणारी माणसं गावात आहेत. फक्त या मुलींना कोणी काही विचारत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दवाखाना चालवते. आमच्याकडे उन्हापायी मुली तोंडाला स्कार्फ बांधूनच घराबाहेर पडतात. दवाखान्यात येऊन पंख्याखाली बसल्या की सोडतात. ज्या सोडत नाहीत त्यांच्याकडे मी जरा निरखून पाहते. सोयाबीनची सवंगणी आटोपल्यावर अशीच एक एकोणीस वर्षांची मुलगी आईबरोबर आली. तक्रार सांगितली अशक्तपणाची. रक्त तपासायला लिहून दिलं आणि म्हटलं, बाळा, स्कार्फ सोड, जीभ बघू दे. तिनं आधी आईकडे पाहिलं. जबड्याच्या कडेनं रेझर फिरवलेल्या केसांचे खुंट होते, धाग्यानं ओढून ओढून पिकलेल्या पुळ्या होत्या आणि मानेवर मागच्या बाजूनं एक जाडसर, काळपट पट्टा होता. आई म्हणाली, "मॅडम, मान वजरीनं घासून घासून थकली मी, मळ काई निंगत नाही. आन् हे दाढीचं कोणाले सांगाव? पुढच्या महिन्यात पाहुणे येऊन रायले." पाळी कधी आली होती म्हणून विचारलं तर मायलेकी बोटांवर मोजायला लागल्या. पोळ्याच्या आधी कधीतरी. दिवाळी होऊन गेली होती.

मानेवरचा तो पट्टा मळाचा नव्हता, त्यामुळे वजरीनं निघणारही नव्हता. शरीरात इन्सुलिन तयार होतं पण पेशी त्याला नीट दाद देत नाहीत, तेव्हा स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडत राहतं. रक्तातल्या त्या जादा इन्सुलिनमुळे मानेची, काखेची त्वचा अशी जाड आणि काळी पडते. तेच इन्सुलिन बीजांडकोशावर, म्हणजे अंडाशयावर, काम करतं आणि तिथून अँड्रोजन, म्हणजे पुरुषी म्हणून ओळखली जाणारी संप्रेरकं, जास्त बाहेर पडतात. त्यात भर म्हणून यकृतात तयार होणारं, या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारं एक प्रथिनही जादा इन्सुलिनमुळे कमी होतं. या संप्रेरकांतलं मुख्य, टेस्टोस्टेरॉन, रक्तात मोकळं वाढतं. ते केसाच्या मुळापर्यंत पोचलं की चेहऱ्यावरची मऊ लव हळूहळू जाड, काळ्या केसात बदलते. चुकलेली पाळी, काळी मान आणि हनुवटीवरचे केस, आईनं तीन वेगवेगळ्या तक्रारी म्हणून सांगितलेल्या या गोष्टींचा उगम एकच होता.

याला पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम (पीसीओएस) म्हणतात. आमच्याकडे लोक पीसीओडी म्हणतात. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, म्हणजे आजार काही आजचा नाही, आणि मोबाइलमुळे किंवा शहरी खाण्यामुळे अचानक उपटलेलाही नाही. मूल होण्याच्या वयातल्या साधारण ५ ते १० टक्के स्त्रियांना असे नको तिथे, म्हणजे ओठांवर, हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली, पाठीवर जाड केस येतात. अशा शंभर जणींपैकी सत्तर ते ऐंशी जणींमध्ये कारण हेच निघतं. जाड मुलींनाच हे होतं, ही समजूत आमच्या भागात फार नुकसान करते. निंदणाला जाणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, काटकुळ्या पोरींनाही पीसीओएस असतो. वजन कमी कर, एवढं सांगून त्यांना परत पाठवता येत नाही. त्यांच्याकडे कमी करायला वजनच नसतं.

राहिलेल्या वीस-तीस जणींचं काय, हेही नीट समजून घ्यायला हवं, कारण धोका तिथे जास्त दडलेला असतो. काहींची पाळी नियमित असते, रक्तातली संप्रेरकं नेमकी असतात, तरी केस येतात. त्यांच्या त्वचेतच अँड्रोजनचा परिणाम जास्त होतो, बऱ्याचदा आई-मावशीलाही तसंच असतं. त्यांना आजार चिकटवायचं कारण नाही. काहींना जन्मजात मूत्रपिंडावर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतल्या एका विकराची (एन्झाइमची) कमतरता असते, तिची सौम्य तऱ्हा वयात आल्यावर केसांच्या आणि पाळीच्या रूपानं दिसते. हुबेहूब पीसीओएस वाटते, सकाळच्या वेळी घेतलेल्या एका रक्ततपासणीनंच वेगळी ओळखता येते. थायरॉइडचे आणि प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या संप्रेरकाचे बिघाड पाळी बिघडवतात, म्हणून तेही पाहावे लागतात. आणि क्वचित, फारच क्वचित, बीजांडकोशाची किंवा अ‍ॅड्रिनलची गाठ असते. ती ओळखायची खूण वेगाची आहे. वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारे केस एक आणि पाच-सहा महिन्यांत दाढी भरणं वेगळं. त्याबरोबर आवाज घोगरा होत असेल, कपाळावरचे केस मागे सरकत असतील, शिश्निका (क्लिटोरिस) मोठी होत असेल, किंवा पाळी जाऊन कितीतरी वर्षांनी एखाद्या आजीच्या चेहऱ्यावर अचानक केस वाढले असतील, तर एक दिवसही न घालवता यवतमाळ, अकोला, नागपूर, सेवाग्राम, जे मेडिकल कॉलेज जवळ असेल ते गाठायला हवं. गावातल्या किती आशाताईंना, किती परिचारिकांना ही खूण कुणी शिकवली आहे?

औषधांमुळेही केस येतात, आणि इथे आमच्या भागाचं एक दुखणं आहे. गोरं होण्यासाठी, वांग जाण्यासाठी म्हणून मेडिकलमधून ज्या ट्यूब सर्रास घेतल्या जातात, त्यांतल्या कितीतरी स्टेरॉइडच्या असतात. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो. दोन-तीन महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरुमं येतात आणि गालावर लव वाढते. लव वाढली म्हणून मुलगी थ्रेडिंग करते, त्यानं पुळ्या येतात, पुळ्यांसाठी पुन्हा तीच ट्यूब. बंद केली की चेहरा भाजल्यागत आग करतो, म्हणून सुटतही नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानाच्या काउंटरवर त्या मनाईचा मागमूस मला तरी दिसत नाही. सांधेदुखीवर ‘ताकदीची’ म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनांत, काही बिननावाच्या चूर्णांत हेच स्टेरॉइड असतं. चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे चरे उठतात, रक्तदाब आणि साखर चढते, केस वाढतात. फिटच्या आजारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांनाही चेहऱ्यावर केस येऊ शकतात, त्याच आजारावरच्या व्हॅल्प्रोएटनं पाळी बिघडू शकते. अशा वेळी गोळी आपल्या मनानं बंद करायची नसते, डॉक्टरला सांगून बदलून घ्यायची असते. हे सांगणारंही कोणी भेटत नाही, म्हणून मुली गोळी परस्पर बंद करतात आणि चुलीसमोर फिट येऊन भाजतात.

आता सरकारी व्यवस्थेकडे येते. कागदावर ती मुलीची साथ कधीच सोडत नाही असं वाटतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अठरा वर्षांपर्यंत शाळा-अंगणवाडीत तपासणी करतं. किशोरवयीन मुलींसाठीच्या त्यांच्या प्रश्नांत पाळी अनियमित आहे का, हा प्रश्नही आहे. २०१४ पासूनचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयासाठी आहे. पुढे गरोदर राहिली की नाव नोंदवलं जातं, दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरकडून तपासणी होते. तिशी ओलांडली की आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, रक्तदाब, साखर, कॅन्सरची तपासणी होते. आता यात बसून पाहा आमची ती एकोणीस वर्षांची मुलगी. शाळा बारावीनंतर सुटली. किशोरवयाच्या कार्यक्रमाचं हे शेवटचं वर्ष. गरोदर नाही. तिशीला अजून अकरा वर्षं आहेत. या अकरा वर्षांत तिच्यासाठी सरकारी दवाखान्याचा एकच दरवाजा उघडा आहे, आणि तो गर्भारपणाचा आहे. ज्या आजारात गर्भ राहायलाच अडचण येते, त्या आजाराच्या मुलीला आम्ही सांगतो, आधी गरोदर राहा, मग तपासू.

मधल्या काळात आजार थांबत नाही. पाळी तीन-तीन, चार-चार महिने येत नाही तेव्हा गर्भाशयाचं आतलं अस्तर साचत राहतं. पुढे अंगावरून भरमसाट जातं, रक्त कमी होतं, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. टाइप २ मधुमेह या स्त्रियांना लवकर गाठतो, तिशीच्या तपासणीची वाट न पाहता. मनाचं तर विचारूच नका. जागतिक तज्ज्ञांनी २०२३ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पीसीओएसच्या प्रत्येक रुग्णाला नैराश्य आणि चिंतेबद्दल विचारलंच पाहिजे. माझ्या अनुभवात त्यासाठी प्रश्नावली लागत नाही. आरसा कधी बघतेस, लग्नकार्यात जातेस का, कॉलेज का सोडलं, एवढं विचारलं तरी मुलगी रडायला लागते.

आणि यावरचा उपचार कुठे आहे? आशाताईच्या पिशवीत. माला-एन ही गर्भनिरोधक गोळी सरकारी यंत्रणेतून फुकट मिळते. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि एथिनिल एस्ट्रॅडिऑल आहे, शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या आहेत. अशी मिश्र गोळी बीजांडकोशातून येणारं अँड्रोजन कमी करते, रक्तात त्याला बांधून ठेवणारं प्रथिन वाढवते, पाळी नियमित आणते आणि अस्तराला संरक्षण देते. पीसीओएसमधल्या पाळीसाठी आणि केसांसाठी तज्ज्ञ पहिली निवड म्हणून हीच सांगतात, आणि अमुक एकच महाग गोळी घ्या असं बंधन घालत नाहीत. अर्थात डॉक्टरनं रक्तदाब पाहून, अर्धशिशीचा, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास विचारूनच ती द्यायची. साखरेचं मेटफॉर्मिन आरोग्य केंद्रात आहेच. ते केसांवर फारसं चालत नाही, पण इन्सुलिनच्या बिघाडावर आणि पाळीवर उपयोगी पडतं. स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी हृदय आणि यकृताच्या रुग्णांसाठी सरकारी यादीत आहे, तीच अँड्रोजनला केसाच्या मुळाशी अडवते. फक्त ती चालू असताना गर्भ राहता कामा नये, मुलगा असेल तर त्याच्या वाढीवर परिणाम होतो. आणि साखरेची तपासणी? गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी बोटातून रक्त घेतात, तीच. ग्लुकोजचं पाकीटही तिथेच आहे, ग्लुकोमीटरही.

तरी हे सगळं त्या मुलीपर्यंत का पोचत नाही? सगळ्यात मोठं कारण हे की ती अविवाहित आहे. गर्भनिरोधक गोळीचं पाकीट कुमारिकेच्या ट्रंकेत सापडलं तर गावात काय बोलतील, याची भीती आईला आहे, आशाताईला आहे, आणि खरं सांगायचं तर आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यालाही आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या बाकावर लग्न न झालेली पोरगी बसलेली दिसली की शेजारची बाई विचारते, काऊन आली व? या एका प्रश्नाला घाबरून कितीतरी मुली बारा-बारा वर्षं रेझर वापरतात. म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. उपचार म्हणून डॉक्टरनं लिहिलेली हॉर्मोनची गोळी लग्न झालं की नाही हे न विचारता द्यायची, असं आरोग्य विभागानं लेखी, स्पष्ट सांगावं. आशाताईला, परिचारिकेला त्या कागदाचा आधार मिळाला की तिचं तोंड उघडेल. आज तिनं आपल्या मनानं दिली तर सरपंचापासून सासरपर्यंत उत्तरं तिलाच द्यावी लागतात.

यावर जे आक्षेप येतात ते मी ऐकले आहेत. त्यांतला एक सरळ काळजातून येतो. इथे पोरींचं हिमोग्लोबिन सातावर आहे, मेळघाटात मुलं कुपोषणानं जातात, रक्ताचा सिकलसेल आजार आहे, कर्जापायी घरातला कर्ता गळफास घेतो, आणि तुम्ही चेहऱ्यावरच्या केसांचं काय घेऊन बसलात? मी या भागात राहते, या प्रश्नांची खोली मला माहीत आहे. पण कोणता त्रास खरा आणि कोणता चोचल्याचा, हे बाईला न विचारता ठरवायची सवय आपल्याला फार जुनी आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, सरासरी एकीला ३.६. आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर आरोग्यव्यवस्थेच्या लेखी खेड्यातली बाई म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. आजार नव्हते असं नाही, विचारलं गेलं नव्हतं. आणि विचारता येत नाही असंही नाही. ज्या विदर्भात सिकलसेल हा शब्द कोणाला माहीत नव्हता, तिथे आज शाळेत रक्त घेऊन तो शोधतात. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई शेतकऱ्याच्या घरी जाऊन झोप लागते का, जीव नकोसा वाटतो का, असे प्रश्न विचारायला शिकल्या. त्यापुढे पाळी किती दिवसांनी येते आणि चेहऱ्यावरचे केस काढावे लागतात का, हे दोन प्रश्न अवघड नाहीत.

‘काढावे लागतात का’ असंच विचारायला हवं. दिसतात का, हे पाहून चालत नाही. डॉक्टरांकडे शरीरावरच्या नऊ जागा पाहून प्रत्येक जागेला शून्य ते चार गुण द्यायची पद्धत आहे, बेरीज आठ किंवा जास्त आली की पुढची तपासणी. पण कालच थ्रेडिंग करून आलेल्या मुलीच्या चेहऱ्याला शून्य गुण मिळतील. आमच्या मुली दवाखान्यात यायच्या आदल्या दिवशी हमखास चेहरा साफ करून येतात. तिला विचारल्याशिवाय काही कळत नाही.

दुसरा आक्षेप शहरातल्या माझ्या मैत्रिणी घेतात. बाईच्या अंगावर केस असणं नैसर्गिक आहे, तिला गुळगुळीत असायलाच हवं ही बाजाराची आणि पुरुषांची मागणी आहे, तुम्ही डॉक्टर लोक त्याला आजार म्हणून शिक्का मारता. यातलं अर्धं मला शंभर टक्के मान्य आहे. हातापायांवरची लव, ओठांवर चार केस, हे आपल्या वंशात सर्रास आहे, त्याला औषध नको. ज्या बाईला हनुवटीवरच्या केसांनी त्रास होत नाही तिनं ते ठेवावेत, तिच्याकडे कोणी बोट दाखवू नये. पण केस ठेवायचे की काढायचे हा निर्णय तिचा असला तरी पाळी चार महिने का येत नाही, साखर किती आहे, हे माहीत असण्याचा हक्क तिलाच आहे. तो निर्णय आणि ही तपासणी यांची गल्लत झाली तर तिचं नुकसान आहे. शिवाय गावात एकटीनं केस मिरवण्याचं स्वातंत्र्य किती महागात पडतं हे ज्यांनी मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांचे चेहरे पाहिले आहेत त्यांना सांगायला नको.

तिसरी गोष्ट कुणी आक्षेप म्हणून मांडत नाही, पण मला तिचीच जास्त धास्ती आहे. विचारायला सुरुवात झाली की प्रत्येक मुलीच्या कपाळी पीसीओडी लिहिलं जाईल. आत्ताच जिल्ह्याच्या ठिकाणी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची सोनोग्राफी होते, रिपोर्टवर ‘पॉलिसिस्टिक ओव्हरीज’ असं छापून येतं आणि आई हबकते, माझ्या पोरीच्या अंडाशयात गाठी! त्या गाठी नसतात. त्या वयात बीजांडकोशात असे बारीक बारीक फुगे दिसणं नेहमीचं आहे. म्हणूनच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफी करू नये. त्या मुलींमध्ये पाळीचा बिघाड आणि अँड्रोजन वाढल्याची खूण, दोन्ही असेल तरच विचार करायचा. मोठ्या स्त्रियांतही पाळी, अँड्रोजन आणि सोनोग्राफी या तिन्हींतल्या दोन खुणा लागतात, आणि पहिल्या दोन असल्या तर सोनोग्राफीशिवाय भागतं. म्हणजे नीट विचारलं, नीट पाहिलं, तर आमच्या मुलींचा खर्च वाचतो. सोयाबीनच्या भावावर घर चालवणाऱ्या बापाला हे सांगणं माझं काम आहे.

पार्लर चालवणाऱ्या बायांना मी यात दोष देत नाही. खेड्यात स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या या मुली आहेत, आणि गावातल्या कोणाच्या चेहऱ्यावर किती केस आहेत हे डॉक्टरपेक्षा त्यांनाच जास्त माहीत असतं. दर पंधरा दिवसांनी हनुवटीसाठी येणाऱ्या पोरीला ‘एकदा डॉक्टरला दाखव’ म्हणणारी पहिली व्यक्ती तीच होऊ शकते. आमच्या गावच्या दोघींशी मी बोलले, त्यांनी मनावर घेतलं. त्यांच्याकडून आलेल्या मुली स्कार्फ लवकर सोडतात. रेझर वापरला तर केस जाड होतात, ही त्यांचीही भीती होती. तसं होत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो राठ लागतो, मूळ आहे तसंच राहतं. थ्रेडिंगनं पुळ्या येणाऱ्या मुलीला रेझर त्यापेक्षा बरा.

औषध सुरू केलं की निदान सहा महिने धीर धरावा लागतो, कारण आधीच जाड झालेला केस आपलं चक्र पूर्ण करूनच जातो आणि नवा मऊ येतो. हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर दुसऱ्या महिन्यात मुलगी गोळ्या सोडून नागपूरच्या लेझरची जाहिरात शोधते. लेझर वाईट नाही. पण आतली संप्रेरकं न सावरता केलेलं लेझर पुन्हा पुन्हा करावं लागतं, सावळ्या त्वचेला योग्य यंत्र आणि योग्य हात लागतात, आणि बारीक लवेवर मारलं तर कधी कधी केस उलट वाढतात. शेतमजुराच्या घरातून त्याचे पैसे निघत नाहीत. निदान मेडिकल कॉलेजांच्या त्वचारोग विभागात, आजार सिद्ध झालेल्या मुलींसाठी ते अल्पदरात मिळायला हवं. जन्मतः दुभंगलेल्या ओठावरची शस्त्रक्रिया सरकार करून देतं, तिला कोणी सौंदर्याचा हट्ट म्हणत नाही.

आणखी एक मागणी आहे, ती मला सगळ्यात जवळची वाटते. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांसाठी दिवस ठरलेला आहे, गावागावातून त्या येतात, आशाताई घेऊन येतात. तसाच ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला दिवस गरोदर नसलेल्या मुली आणि स्त्रियांसाठी ठेवा. त्या दिवशी बाळंतिणींची गर्दी नको, वॉर्डबॉयनं मोठ्यानं नाव पुकारणं नको. पडद्याआड रक्तदाब, वजन, कंबरेचा घेर, मान, चेहरा पाहायचा, ग्लुकोजची तपासणी करायची, टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिनचं रक्त जिल्ह्याला पाठवायचं, वेगानं वाढणारे केस दिसले तर चिठ्ठी देऊन मेडिकल कॉलेजला पाठवायचं. तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या मासिक बैठकीत आशाताईंना एवढं शिकवायला एक दुपार पुरते. दिवस शक्यतो आमच्याकडच्या बाजारवाराचा ठेवा. त्या दिवशी मायलेकी तालुक्याला येतातच, आणि कुठे चालल्या म्हणून कोणी विचारत नाही.